लेकरू अडीच वर्षांचं होत आलं, मागून ताट वाजवलं की वळतं पण बोलत नाही

केजची_लेक
नमस्कार सगळ्यांना. बऱ्याच दिवसांपासून इथं नुसतं वाचत होते, आज लिहितेय कारण दुसरीकडं कुणाला विचारावं ते कळंना. माझा मुलगा पुढच्या महिन्यात अडीच वर्षांचा होईल. आई, बाबा, मामा आणि आबू म्हणजे आजोबा, एवढेच शब्द. बाकी सगळं बोट दाखवून नाहीतर माझा हात धरून ओढत नेऊन. तहान लागली की माठापाशी नेतो, हात लावतो अन् माझ्या तोंडाकडं बघत उभा राहतो. सगळं समजतं त्याला असं मला वाटतं. खेळतो चांगला, लाडात पण येतो, फक्त संध्याकाळी लाईट गेली की लई चिडचिड करतो, रडतो, अंगाला चिकटून बसतो. सासूबाई रोज वेखंड उगाळून मधातून जिभेला लावतात. शेजारच्या काकू म्हणतात याचा बाप पण तीन वर्षांनीच बोलला होता. गावातल्या डॉक्टरांना दाखवलं तं ते म्हणले मुलगे उशिराच बोलतात, वर्षभर थांबा. ऐकू येतं त्याला, मागून ताट वाजवलं की वळतो, आम्ही चार-पाच वेळा करून बघितलं. मग अडचण जिभेत आहे का डोक्यात, का आम्हीच कमी पडलो, दोघं दिवसभर शेतात असतो अन् लेकरू सासूबाईंजवळ. नेटवर बघावं तर स्पीच डिले, लँग्वेज डिले, ऑटिझम असं कायकाय येतं, वाचून झोप उडाली. हे सगळं एकच असतं का वेगवेगळं, कुणी साध्या भाषेत सांगेल का.

मांजराकाठ
ताई, मी लातूर भागात स्पीच थेरपिस्ट आहे. आधी एक सांगते, तुम्ही शेतात जाता म्हणून हे झालेलं नाही. आजीजवळ वाढलेली लेकरं उलट जास्त गप्पा मारणारी निघतात, हे मी रोज बघते.

आता तुमचा प्रश्न. आपण घरात सगळ्यालाच 'बोलत नाही' म्हणतो पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे उच्चार (नेटवरचं 'स्पीच'), आवाज तयार करणं. फुप्फुसातून हवा वर येते, गळ्यातल्या स्वरतंतूंची थरथर होते अन् मग टाळू, जीभ, ओठ मिळून तिला आकार देतात. दुसरी भाषा ('लँग्वेज'), म्हणजे त्या आवाजाला अर्थ असतो हे उमगणं, शब्द साठवणं, ते क्रमानं जोडणं. त्यात परत समजणं वेगळं अन् सांगता येणं वेगळं. तिसरी सगळ्यात मोठी, संवाद. माझ्या मनातलं समोरच्याला कळावं ही ओढ. त्यात नजर, बोट, मान हलवणं, हात ओढून नेणं सगळं आलं.

माझ्याकडं एक चार वर्षांचा येतो, तो 'काका किल्ली कुठंय' ला 'ताता तिल्ली तुठंय' म्हणतो. त्याची भाषा एकदम पक्की आहे, वाक्य बरोबर, प्रश्न बरोबर, फक्त क च्या जागी त येतो कारण जिभेचा मागचा भाग उचलायच्या ऐवजी तो पुढचा उचलतो. दुसरा एक आहे, मोबाईलवरची आख्खी जाहिरात एका दमात म्हणतो, उच्चार इतके स्वच्छ की ऐकत राहावं. पण तहान लागली तर पाणी मागता येत नाही, कुणाकडं बघतही नाही, नुसता रडतो. गावात पहिल्याला बोबडा म्हणतात अन् दुसऱ्याला हुशार. खरी लवकर मदत लागते ती दुसऱ्याला.

तुमचा मुलगा माठापाशी नेऊन तोंडाकडं बघतो हे मी दोनदा वाचलं. त्याला सांगायचंय अन् ते तुमच्याकडून होणार हे त्याला कळतं, ही फार मोठी गोष्ट आहे. पण ताट वाजवून ऐकणं कळत नाही हो ताई. ऐकणं म्हणजे लाईटच्या बटणासारखं चालू-बंद नसतं. ताटाचा दणका बोलण्यापेक्षा कितीतरी मोठा असतो, जमिनीची थरथर पण पायाला कळते. आपण एकमेकांशी बोलतो तो आवाज साधारण ५० ते ६० डेसिबलचा असतो. ज्याला त्याच्या खालचं ऐकू येत नाही ते लेकरू ताटाला वळतं, फटाक्याला दचकतं, अन् आपण म्हणतो कान चांगले आहेत. शब्दांतही आ, ई, ओ हे स्वर मोठ्यानं येतात, स, फ, थ हे अगदी हळू. त्याचे शब्द बघा, आई, बाबा, मामा, आबू. ब अन् म ओठावर दिसतात. हे वाचून घाबरू नका, नेटवरून मी काही ठरवू शकत नाही, पण आधी कानाची नीट तपासणी करा. ओएई अन् बेरा अशा दोन टेस्ट असतात. सुई नसते. बेराला कपाळाला अन् कानामागं चिकटपट्ट्या लावतात, लेकरू झोपलेलं लागतं, म्हणून जायच्या आधी झोपू देऊ नका. जन्मलेल्या बाळाची पण होते, मोठं व्हायची वाट बघायची गरज नसते.

अन् वेखंडाचं म्हणाल तर सासूबाईंची माया कळते, पण जिभेला लावायचं बंद करायला सांगा. जी लेकरं बोलतच नाहीत त्यांच्यात अडचण बहुतेक वेळा जिभेत नसतेच. जिभेखालचा पडदा आखूड असला तरी एखाददुसरा उच्चार अडतो, आख्खी भाषा अडत नाही.

गंगाखेडकर_पाटील
उगं घाबरवू नका मॅडम. माझा पुतण्या साडेतीन वर्षांचा होईपर्यंत गप्प होता, आता गप्प बस म्हणलं तरी बसत नाही. आमच्याकडं असे चार निघतील. ताई तुम्ही टेन्शन घेऊ नका, बोलंल.

मांजराकाठ
दादा, तुम्ही म्हणता ते होतं. उशिरा बोलणाऱ्यातली बरीच लेकरं आपोआप गाडी पकडतात. पण कोणतं पकडणार अन् कोणतं मागं राहणार हे दोन वर्षांच्या लेकराकडं बघून कुणालाच सांगता येत नाही, म्हणून तपासायचं. तपासून काही निघालं नाही तर गेली एक चक्कर. अन् निघालं तर थांबलेलं वर्ष परत मिळत नाही, कारण भाषा शिकायला मेंदू पहिल्या तीन-चार वर्षांत जेवढा तयार असतो तेवढा नंतर नसतो. ऐकण्याच्या बाबतीत तर जगभर असं धरतात की जन्मल्यावर पहिल्या महिन्यात चाळणी म्हणजे पहिली तपासणी, तिसऱ्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. आपल्याकडं लेकरू माझ्यापर्यंत येतं ते बहुतेक वेळा शाळेत घालायच्या वेळी.

साधारण वर्षाला पहिला अर्थाचा शब्द, दोन वर्षांला 'बाबा गेला', 'पानी दे' असे दोन शब्द जोडणं, एवढं सगळ्या आयांनी लक्षात ठेवावं. नावानं हाक मारल्यावर वर्षाचं लेकरू बघत नसलं तर दाखवा. अन् आलेले शब्द गेले, आधी बोलायचं ते बोलेनासं झालं, तर कोणत्याही वयात त्याच आठवड्यात दाखवा.

तांड्यावरचे_गुरुजी
मॅडम, मी किनवट तालुक्यात शिक्षक आहे. माझ्याकडून झालेली एक चूक इथं लिहितो. पहिलीत एक मुलगी होती, तीन महिने वर्गात अक्षर बोलली नाही, विचारलं की खाली बघायची. मी रजिस्टरला 'बोलण्यात अडचण' असं लिहून टाकलं. दिवाळीनंतर तिची आजी शाळेत आली तेव्हा ती पोरगी आजीला वर्गातल्या सगळ्या गोष्टी गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, इतक्या झपाट्यानं सांगत होती, कोण मारतं, कोण डबा आणत नाही, गुरुजी कधी रागावतात ते सुद्धा. घरात मराठीचा एक शब्द नव्हता तिच्या. मी त्या दिवसापासून गोरमाटीतले शंभरेक शब्द शिकलो अन् तिचा शेरा स्वतः खोडला. पण मला अजून प्रश्न पडतो की खरंच अडचण असलेलं लेकरू अन् भाषा नवी असलेलं लेकरू ओळखायचं कसं?

मांजराकाठ
गुरुजी, तुम्ही तिला आजीशी बोलताना ऐकलं ना, तीच तर खरी परीक्षा. भाषेचा खरा दोष असला तर तो घरच्या भाषेतही दिसतो. फक्त शाळेतल्या भाषेत दिसत असला तर ती भाषा नवी आहे एवढंच. नवी भाषा कानावर पडायला लागली की काही लेकरं काही महिने गप्पच राहतात, आतल्या आत साठवत असतात. म्हणून आम्ही पहिल्यांदा विचारतो, घरात कोणती भाषा, आजी कोणती बोलते, अन् त्याच भाषेत बघतो. आपल्या मराठवाड्यात हे लई महत्त्वाचं आहे. देगलूर-बिलोलीकडं तेलुगू, उदगीर-निलंग्याकडं कन्नड, संभाजीनगर-परभणीत दख्खनी उर्दू, तांड्यावर गोरमाटी. अशा घरांना कुणीतरी सांगतं की दोन भाषांनी डोकं गोंधळतं, घरची बंद करा अन् मराठी नाहीतर इंग्रजीच बोला. असं करू नका. दोन भाषांनी दोष होत नाही, अन् आईला जी येत नाही त्या भाषेत आई बोलायला लागली की लेकराला मिळणारी भाषाच अर्धी होते.

बोलीचं पण तेच. पानी, लोनी, कोन असं आपल्याकडं आख्खं गाव म्हणतं, तो गावचा उच्चार आहे, त्याला आजार म्हणायचं नाही. पुण्यातून बदलून आलेल्या एका बाईंनी आख्खा वर्ग माझ्याकडं पाठवायचा म्हणून यादी केली होती, ण येत नाही म्हणून. मी त्यांना म्हणलं, या लेकरांच्या आयांशी बोलून या.

पूर्णा_जंक्शन
हा धागा बघून राहवलं नाही. मी ३४ वर्षांचा आहे, लहानपणापासून अडखळतो. लोकांना वाटतं भीतीनं होतं. मॅडम खरं सांगा, भीती नंतर येते ना? मला आधी अडकणं आलं अन् मग लोक हसले म्हणून भीती आली. कॉलेजला परभणीत होतो तेव्हा दर शनिवारी घरी यायचो. तिकीट खिडकीवर 'पूर्णा' म्हणायचं तर प वर ओठ मिटले की उघडायचेच नाहीत, मागं रांग, खिडकीतला माणूस म्हणणार बोल लवकर. मग मी नांदेड म्हणायचो. न निघायचा. दोन वर्षं नांदेडचं तिकीट काढून पूर्णेला उतरलो, जास्तीचे पैसे घरी कधी सांगितले नाहीत. गणपतीत आरती म्हणताना मात्र एकदाही अडकलो नाही.

मांजराकाठ
दादा, हे लिहिलंत त्याबद्दल आभार. हो, तुमचं बरोबर आहे. अडखळणं मेंदूत बोलण्याची जुळणी होते तिथलं असतं, बऱ्याच घरांत ते रक्तातून येतं. दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतं, लहानपणी शंभरातल्या पाचेक लेकरांना कधी ना कधी होतं अन् त्यातल्या बहुतेकांचं जातं, मोठेपणी शंभरात एकाचं राहतं. पुरुषांत बाईमाणसांपेक्षा जास्त. सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणताना, गाताना ते बहुतेक थांबतं, म्हणून आरती सुटते. शब्द बदलून बोलणं, नांदेडचं तिकीट काढणं, हे बाहेरून कुणालाच दिसत नाही, पण माणूस दिवसभर त्याच हिशोबात दमतो. घरच्यांनी 'हळू बोल, श्वास घे, परत नीट म्हण' हे सांगायचं नाही. वाक्य तोंडातून काढून घेऊन पुरं करायचं नाही. काय सांगतोय तिकडं बघायचं, कसं सांगतोय तिकडं नाही, अन् स्वतः जरा सावकाश बोलायचं. २२ ऑक्टोबर हा अडखळण्याविषयीचा जागतिक दिवस असतो, गुरुजी, शाळेत घ्या एखाद्या वर्षी. मोठ्यांना पण थेरपीचा उपयोग होतो, कधी आलात इकडं तर भेटा.

उदगीरकर
मॅडम वडिलांचं विचारायचं होतं. वय ६८, चार महिन्यांपूर्वी सकाळी उठले ते चहाला चावी म्हणायला लागले, उजवा हात लटकला. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती डाव्या बाजूला. हात बराच सुधारला पण शब्द सापडत नाहीत. लोक भेटायला येतात अन् बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून बोलतात, एकानं तर माझ्यासमोर म्हणलं की डोक्यावर परिणाम झाला. मी वही-पेन दिलं लिहायला तर ते पण जमेना, तेव्हा वडील रडले. पण भजनाला बसवलं की पूर्ण अभंग म्हणतात हो! एक ते वीस आकडे पण म्हणतात. मग पाणी का म्हणता येत नाही?

मांजराकाठ
याला अफेझिया म्हणतात, मराठीत वाचाघात. जीभ जागेवर आहे, अक्कल जागेवर आहे, शब्दापर्यंत जायची वाट तुटली आहे. वही-पेनचा उपयोग होत नाही कारण लिहायलाही तेच शब्द लागतात. तुम्ही चुकीचं काही केलं नाही, सगळेच आधी वही देतात. फ्रान्समध्ये पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरनं १८६१ मध्ये असाच एक माणूस तपासला होता, तो वर्षानुवर्षं 'टॅन' एवढंच म्हणायचा, काहीही विचारा उत्तर टॅन, पण विचारलेलं बरंच कळायचं, हातानं आकडे दाखवायचा. तो गेल्यावर मेंदू बघितला तर डाव्या बाजूचा पुढचा भाग खराब झालेला. मग १८७४ ला जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी दुसरा प्रकार मांडला, त्यात माणूस भराभरा बोलतो पण त्यातून अर्थ लागत नाही अन् दुसऱ्याचंही नीट कळत नाही.

अभंग अन् आकडे हे पाठ झालेलं, एकामागून एक आपोआप येणारं. ते अन् सूर यांच्या वाटा मेंदूत थोड्या वेगळ्या आहेत, म्हणून त्या वाचतात. त्याच वाटेनं थेरपीत शब्द परत आणायचा प्रयत्न करतात, सुरात, हातानं ठेका धरून. घरी एवढं करा. ओरडू नका. टीव्ही बंद करून समोर बसा. 'काय पाहिजे' असं मोकळं विचारण्यापेक्षा 'चहा का पाणी' विचारा, दोन्ही वस्तू दाखवा. अन् थांबा, मनात दहा मोजा, मधेच शब्द देऊ नका. येणाऱ्या पाहुण्यांना दारातच सांगा की यांना सगळी माणसं ओळखू येतात. वडिलांना काही लोकांसारखं तोंड जड पडून उच्चार अस्पष्ट झालेत का? तो प्रकार निराळा, त्यात शब्द बरोबर असतो पण स्नायू ऐकत नाहीत, त्याचे व्यायाम वेगळे.

अन् सगळ्यांसाठी, अचानक तोंड वाकडं, हात गळाला, बोलणं जड झालं तर मोसंबीचा रस पाजत घरी बसू नका. गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.

अंगणवाडी_ताई_धारूर
केजच्या ताई, आमच्याकडं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आरबीएसकेची, म्हणजे लेकरांच्या तपासणीच्या सरकारी कार्यक्रमाची, गाडी येते, डॉक्टर लेकरं तपासतात, शंका आली की जिल्हा रुग्णालयात डीईआयसी म्हणजे अशा लेकरांवर लवकर उपचार करायचं केंद्र आहे तिकडं पाठवतात. चिठ्ठी घेऊन जा. पण माझी एक खंत आहे, आमच्या गावात अर्धी घरं ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की कोयता निघतो तो उन्हाळ्यात परत. गाडी जानेवारीत आली तर लेकरं फडात. एका पोराचा टाळू फाटलेला होता, ऑपरेशन छान झालं, पण नंतरची बोलायची थेरपी दोनदा झाली अन् आईबाप गेले कर्नाटकात. आता सात वर्षांचा आहे, प म्हणायला गेला की हवा नाकातून जाते अन् म ऐकू येतं. पाटी म्हणला की माटी. वर्गात कुणाला कळत नाही म्हणून बोलायचंच सोडलंय त्यानं. मॅडम अशांना काय करायचं?

मांजराकाठ
ताई, ही खंत माझीही आहे. फोनवरून जेवढं होईल तेवढं मी करते, आईला पाच मिनिटांचे व्हिडिओ पाठवते, फडात रात्री रेंज येते तेव्हा ती बघते. पण या मुलाला आधी टाळूच्या डॉक्टरांना परत दाखवावं लागेल, हवा गळते ती टाळू आखूड पडल्यानं का सवयीनं, ते बघून मग थेरपी. सवय असेल तर थेरपीनं जाते. टाळू आखूड असेल तर कितीही 'प प प' करून घ्या, जाणार नाही, लेकरू नुसतं खचेल. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात वाचा अन् भाषेचा दोष वेगळा धरलाय, श्रवणदोष वेगळा, म्हणून कागदपत्रं करताना नीट बघा कशाखाली लिहितायत. अन् थेरपी कुणाकडंही घ्या, आधी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का विचारा. नोंदणी असलेला माणूस विचारलं म्हणून रागावत नाही.

केजची_लेक
सगळ्यांना परत नमस्कार. बावीस दिवसांनी लिहितेय. बेरा झाली. पहिल्या दिवशी झोपलाच नाही, परत आलो. दुसऱ्यांदा पहाटे चारला उठवून नेला, मग झोपला. दोन्ही कानांना ६५ डेसिबलपर्यंत कमी ऐकू येतं, आतल्या नसेचं आहे, औषधानं जाणार नाही म्हणले. रिपोर्ट हातात घेऊन बाहेर बाकावर बसले अन् मला एकदम आठवलं, तो माझ्या तोंडाकडं का बघायचा. ओठ बघायचा तो. अन् लाईट गेली की का रडायचा. आम्ही म्हणायचो अंधाराला भितो. अंधारात त्याला आमचं बोलणंच जात होतं. मी अडीच वर्षं त्याला अंधारात 'मी आहे ना, रडू नको' म्हणत होते, अन् त्यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं.

यंत्रं मिळाली दोन्ही कानांची, योजनेतून. कानाचा साचा घेताना आकांत केला. पहिल्या दिवशी दोन मिनिटांत काढून फेकली, परवा वीस मिनिटं ठेवली. सासूबाई गप्प होत्या तीन दिवस. काल त्यांनी वेखंडाची डबी धुऊन उन्हात वाळवली अन् यंत्रं ठेवायला दिली. मॅडम आता तो मोठा झाल्यावर बोलंल का? खुणा करू देऊ का नको, एकजण म्हणले खुणा शिकवल्या की बोलत नाही. अन् या बॅटऱ्या केजमध्ये कुठं मिळतील?

मांजराकाठ
ताई, वीस मिनिटं लई झाली पहिल्या आठवड्यात. रोज थोडी वाढवा, जेवताना, खेळताना, तो रमलेला असेल तेव्हा घाला. लक्ष्य एकच, जागा असेल तेवढा वेळ कानात. ६५ ला चांगली यंत्रं अन् थेरपी मिळाली तर बरीच लेकरं बोलतात, साध्या शाळेत जातात. वेळ लागतो, त्याच्या ऐकण्याचं वय आज एक आठवडा आहे असं धरा. आधी तो नुसता ऐकेल, मग समजेल, मग बोलेल. त्याच्यासमोर उजेडात बसा, जवळून बोला, एक-दीड हातावरून, नेहमीच्या आवाजात, ओरडून नाही. शेंगा फोडताना, भाकरी थापताना जे करताय ते बोलत राहा. सासूबाईंना सांगा, दिवसभर त्याच्या कानावर भाषा घालायचं खरं काम त्यांचंच आहे. खुणा करू द्या, खुणांनी बोलणं थांबत नाही, उलट शब्द यायला मदत होते. यंत्रानंही पुढं पुरेसं ऐकू येत नाही असं दिसलं तर कॉक्लिअर इम्प्लांटचं, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायच्या यंत्राचं, बघता येतं, सरकारी योजनेत त्याला पाच वर्षांच्या आतलं वय लागतं, म्हणून तपासण्यांच्या तारखा चुकवू नका.

बॅटरीच्या पाकिटावर स्टिकरचा रंग बघा. नारिंगी असेल तर १३ नंबर, तपकिरी असेल तर ३१२. नंबर सांगून केजच्या मेडिकलवाल्याला मागवायला लावा, ते आणून देतात. स्टिकर काढल्यावर मिनिटभर तशीच ठेवायची अन् मग बसवायची, हवा लागल्यावर ती चालू होते. जुनी बॅटरी लेकराच्या हाताला लागू देऊ नका, गिळली तर अन्ननलिका जाळते, लगेच दवाखाना.

केजची_लेक
नारिंगी आहे. उद्या सांगते मेडिकलवाल्याला.

मांजराकाठ
डबीत खाली सिलिका जेलची पुडी टाका, पावसाळ्यात ओल धरते. अन् वेखंडाचा वास पूर्ण गेला का बघा.